दुसऱ्या घराचा पहिला हिशेब



या महिन्याचा विषय एका पत्रातून आला. पत्र खेड तालुक्यातल्या एका भगिनीचे आहे. त्यांचे पती सतरा वर्षे सौदीत होते, आता कायमचे घरी परतले आहेत. हातात बारा लाखांची बचत आहे. मुलगा बारावीला, मुलगी नववीला. गावात राहायला स्वतःचे घर आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण दरमहा येणारी रक्कम आता बंद झाली आहे. नातेवाईक सांगतात, मुंब्र्याकडे नाहीतर नालासोपाऱ्याला एखादी खोली घ्या आणि भाड्याने द्या, बसल्या जागी पैसे येत राहतील.

खोली वीस लाखांच्या घरात जाते. कमी पडणारे आठ लाख आणायचे कुठून? त्यांना दोन वाटा सांगण्यात आल्या आहेत. पहिली बँकेची. म्हणे हप्ता भाड्यातूनच फिटतो. दुसरी एजंटची. खोली ‘हेवी डिपॉझिट’वर द्या, भाडेकरू पाच-सहा लाख एकरकमी देतो, त्यातून बाकीचे भागवा. यात व्याज नाही, म्हणजे हलालच. भगिनी विचारतात, यातली कोणती वाट बरी?

आमचे उत्तर आहे, दोन्ही नकोत. पण नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. म्हणून आधी हिशेब मांडू, मग आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगू, आणि त्यानंतर सुरुवात कशी करता येईल ते पाहू.

हप्ता भाड्यातून फिटतो का?

कागद-पेन घ्या. समजा खोलीची किंमत अठरा लाख. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क साधारण पाच टक्के, आणि मोठ्या शहरांत त्यावर आणखी अधिभार. नोंदणी शुल्क एक टक्का, ते तीस हजारांपेक्षा जास्त नसते. वर एजंटची दलाली, वकिलाची फी, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, रंगरंगोटी, नळ, वीज. अठराची खोली आपल्याला वीसला पडली असे धरा.

आता भाडे. समजा महिना सात हजार, म्हणजे वर्षाला चौऱ्याऐंशी हजार. पण एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत वर्षाकाठी एखादा महिना खोली रिकामी राहते, ते सात हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना हजार, म्हणजे बारा हजार गेले. घरपट्टी तीन हजार, किरकोळ दुरुस्ती पाच हजार. हातात उरले सत्तावन्न हजार. महिन्याला पावणेपाच हजार.

वीस लाख गुंतवून वर्षाला सत्तावन्न हजार, म्हणजे शंभर रुपयांमागे तीन रुपयेसुद्धा नाहीत. खोलीची किंमत पुढे वाढेल ही आशा वेगळी. ती वाढेल किंवा नाहीही वाढणार. आशेवर घरात डाळ शिजत नाही.

यात बँकेचा हप्ता बसवून पाहू. आठ लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत. हप्ता येतो सुमारे सात हजार दोनशे. हातात येणार पावणेपाच हजार. म्हणजे दरमहा अडीच हजारांच्या आसपास खिशातून घालायचे, तेही घरात पगार येत नसताना. वीस वर्षांत बँकेला परत जाणार सव्वासतरा लाखांहून जास्त, त्यातले सव्वानऊ लाख निव्वळ व्याज. शिवाय पन्नाशीच्या माणसाला, ज्याचा पगार थांबला आहे, बँक वीस वर्षांची मुदत देईलच असे नाही. मुदत दहा वर्षांवर आली की हप्ता दहा हजारांच्या पुढे जातो.

व्याजाचा दीनी भाग वाचकांना नव्याने सांगायला नको. राहायला छप्परच नसेल, तर त्या गरजेपोटी काही उलेमा सवलतीचा विचार करतात. पण भाड्याने देण्यासाठी घेतलेले दुसरे घर ही गरज नाही, कमाई आहे. तिथे ‘नाइलाज होता’ असे कुणाला सांगणार? आणि वरचा हिशेब पाहिलात तर ही कमाईही नाही.

हेवी डिपॉझिट: आमच्याच घरातली गोष्ट

हेवी डिपॉझिट म्हणजे काय, हे शहराबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. भाडेकरू मालकाला मोठी रक्कम देतो, तीन लाख, पाच लाख, जागेप्रमाणे. त्या बदल्यात भाडे देत नाही, किंवा नावापुरते देतो. मुदत संपली की मालकाने पूर्ण रक्कम परत करायची आणि भाडेकरूने घर खाली करायचे. मालकाला वाटते बिनव्याजी पैसा मिळाला. भाडेकरूला वाटते फुकट राहायला मिळाले. दोघेही खूश.

आम्हीही असेच खूश होतो. सन २०११ मध्ये ठाणे जिल्ह्यातली आमची एक लहान खोली आम्ही तीन लाखांच्या डिपॉझिटवर दिली. राहायला आले एक शिक्षक, त्यांची बायको आणि दोन लहान मुले. तीन लाखांतले काही गावच्या घराच्या छपरात गेले, बाकीचे बहिणीच्या लग्नात. पैसे आपले नाहीत, ही गोष्ट पहिल्या महिन्यात लक्षात होती. सहाव्या महिन्यात राहिली नाही.

दोन वर्षांनी शिक्षक घरी आले. स्वतःची खोली घेत होते, बयाणा देऊन झाला होता. म्हणाले, “मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे, तेवढी आमची रक्कम तयार ठेवा.” आमच्याकडे तीन हजारसुद्धा बाजूला नव्हते. आम्ही ठरवले की नवा भाडेकरू आणू, त्याच्या डिपॉझिटमधून यांचे देऊ. असे सगळेच करतात. पण त्या पावसाळ्यात नवा माणूस मिळेना. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. त्यांचा सौदा फिसकटला, बयाण्याचे पैसे बुडाले.

त्यानंतर ते एकदा बायकोला घेऊन आले. चहा घेतला. आवाज चढवला नाही. जाताना एवढेच म्हणाले, “आम्ही तुमच्यावर भरोसा ठेवला होता.” शेवटी अम्मींनी न विचारताच हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि त्यातून तीन लाख पुरे झाले. शिक्षकांची रक्कम गेली, पण त्यांची चार महिने आणि त्यांचे गेलेले घर आम्ही परत देऊ शकलो नाही. आम्ही माफी मागितली, त्यांनी माफ केले. तरी ती खोली आठवली की आजही जीव खाली-वर होतो.

पुढे एका मुफ्ती साहेबांकडे हा विषय काढला, तेव्हा त्यांनी तो साध्या शब्दांत उलगडून सांगितला. तीन लाख परत करायचे आहेत, म्हणजे ते कर्ज आहे. कर्ज देणाऱ्याला त्या कर्जापायी घर फुकट वापरायला मिळते आहे, म्हणजे कर्जावर नफा मिळतो आहे. आणि कर्जावरचा ठरलेला नफा म्हणजेच सूद, मग तो नोटांत असो की चार भिंतींत. नावापुरते शंभर-दोनशे भाडे लावले तरी डिपॉझिटमुळेच भाडे उतरवले असेल तर गोष्ट तीच राहते. आपण बँकेच्या दारातून सूद बाहेर ठेवला आणि मागच्या दाराने आत घेतला, असे ते म्हणाले नाहीत, पण आम्हाला तसेच ऐकू आले.

गंमत पाहा, सरकारलाही हे कळते. भाडेकरारावर मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवली जाते. मोठे डिपॉझिट हे लपवलेले भाडेच आहे, हे सरकारी हिशेबातही मान्य आहे.

एक-दोन महिन्यांच्या भाड्याएवढे साधे डिपॉझिट घेण्यात हरकत नाही. नुकसान झाले, वीजबिल थकले, तर त्यासाठी ते असते. पण ती रक्कमही अमानत समजून वेगळी ठेवावी. ज्या दिवशी भाडेकरू किल्ली देईल त्याच दिवशी ती त्याच्या हातात पडली पाहिजे.

मग सुरुवात कुठून?

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: भाड्याचे घर परक्या माणसाच्या पैशावर उभे करू नका. स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या पैशावर, लहान सुरुवात करून, लिहून उभे करा.

सर्वांत आधी बारा लाखांतले तीन लाख बाजूला ठेवा. मुलगा बारावीला आहे, उद्या त्याची फी येईल. घरात आजारपण येऊ शकते. ज्याच्याकडे अडीअडचणीचा पैसा नसतो, त्याला एक दिवस घाईने खोली विकावी लागते आणि घाईत विकलेल्या खोलीचा भाव पडतो. राहिले नऊ लाख.

आता आमचा एक प्रश्न. भगिनींनो, तुमचे गावचे घर किती खोल्यांचे आहे? कोकणात आपल्या मोहल्ल्यांतून फिरा. आखाती पैशातून बांधलेली दुमजली घरे, वर चार खोल्या, आणि त्यांत गाद्यांच्या गुंडाळ्या नि जुन्या सुटकेसी. खेड तालुक्यात लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. तिथे नोकरीला आलेली माणसे, बँकेतले कर्मचारी, शिक्षक, नर्स, सगळे खोली शोधत असतात. घराच्या वरच्या मजल्याला बाहेरून जिना काढला, स्वतंत्र संडास-बाथरूम आणि ओटा केला, विजेचा सब-मीटर बसवला, तर समजा दोन लाख खर्च येईल. भाडे समजा चार हजार आले, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. वीस लाखांच्या खोलीतून सगळा खर्च जाऊन सत्तावन्न हजार हातात येत होते. हे दोन लाखांत जवळपास तेवढेच झाले. त्यातून दुरुस्ती, घरपट्टी वजा केली तरी तफावत डोळ्यांत भरते.

शिवाय हे घर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. गळती लागली तर तासाभरात गवंडी बोलावता येतो. दोनशे किलोमीटरवरच्या खोलीचा नळ तुटला तर एजंट सांगेल तो आकडा द्यावा लागतो. परदा, येण्या-जाण्याची वाट, पाणी यांचा विचार करून, ग्रामपंचायतीत विचारून लागेल ती परवानगी घेऊन काम करा. भाडेकरू ठेवणे म्हणजे काय, हे दोन वर्षांत कळेल. मग शहरातल्या खोलीचा विचार करा. व्यवसाय शिकायचा तो आधी लहान दुकानात.

भागीदारीची वाट

शहरातच खोली घ्यायची असेल तर दुसरा मार्ग आहे शिरकतीचा, म्हणजे भागीदारीचा. एकाचे बारा किंवा वीस लाख नसतील, पण भावा-बहिणींचे मिळून होतात. समजा तुमचे नऊ लाख, कुवेतमधल्या दिराचे सात, नणंदेचे चार. वीस लाख झाले. हिस्से पंचेचाळीस, पस्तीस आणि वीस टक्के. सत्तावन्न हजारांचे वाटप करा: तुम्हाला पंचवीस हजार सहाशे पन्नास, दिराला एकोणीस हजार नऊशे पन्नास, नणंदेला अकरा हजार चारशे. खर्च आला तर त्याच प्रमाणात. किंमत वाढली तर तिघांची, पडली तरी तिघांची. यात कुणी कुणाचा कर्जदार नाही, म्हणून सूद यायला जागाच नाही.

पुढे तुमच्याकडे बचत झाली की नणंदेचा हिस्सा थोडा थोडा करून विकत घेता येतो, त्या दिवशीच्या भावाने आणि दोघांच्या राजीखुशीने. काही मुस्लिम देशांत इस्लामी बँका याच पद्धतीने घरे देतात. बँक आणि ग्राहक भागीदार होतात, ग्राहक बँकेच्या हिश्शाचे भाडे देतो आणि हळूहळू तो हिस्सा विकत घेतो. आपल्याकडे तशी बँक नाही. रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. पण जे बँक करत नाही ते घर करू शकते.

फक्त एक अट आहे. लिहा.

‘घरच्या घरात काय लिहायचे’ या वाक्याने जितकी घरे मोडली तितकी भूकंपाने मोडली नसतील. कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर. सूरह बकराहची ती २८२ वी आयत तरजुम्यासह आज रात्री घरात मोठ्याने वाचा. जिथे अल्लाहने लिहायला सांगितले, तिथे आपण लाजेने गप्प बसतो.

खरेदीच्या नोंदणीकृत करारनाम्यात सर्वांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून घ्या. सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावरही सर्व नावे चढवा. वेगळ्या कागदावर चार गोष्टी ठरवा: भाडे कुणाच्या खात्यात जमा होईल, वाटप कोणत्या महिन्यात, मोठा खर्च कुणाला विचारून, आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर काय. परदेशातला भाऊ येऊ शकत नसेल तर त्याचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून करून घ्यावे आणि ते भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक लावून घ्यावा.

आणि ज्या बाईने दागिने दिले, तिचे नाव लागले पाहिजे. आमच्या अम्मींच्या बांगड्यांचे आम्ही वर सांगितले. त्या बांगड्या त्यांच्या मेहेरच्या होत्या. मेहेर आणि दागिने ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याची नाही, मुलांची तर नाहीच. ते विकून घर घेतले तर तेवढा हिस्सा तिच्या नावावर हवा. तिने खुशीने बक्षीस दिले तर गोष्ट वेगळी, पण आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक देऊन विचारा. आम्ही अम्मींना विचारलेही नव्हते. नंतर त्या खोलीच्या कागदावर त्यांचे नाव चढवले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. खरेदीदार केवळ महिला असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही लक्षात असू द्या.

पैसे साठवण्याच्या आपल्या जुन्या रीती आहेतच. बारा जणींची पाच हजारांची भिशी लागली की साठ हजार एकदम हातात येतात, कुणाला एक पैसा जास्त न देता. नोकरदारांचा प्रॉव्हिडंट फंड आहे. नातेवाइकांकडून कर्जे-हसना मिळत असेल तर घ्या, पण फेडण्याची तारीख लिहून. मात्र ‘हलाल नफा’ म्हणून दरमहा ठरावीक टक्के देणाऱ्या योजनांपासून दूर राहा. २०१९ मध्ये बेंगळुरूतली अशीच एक मोठी कंपनी बुडाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत घेऊन गेली. दाढी आणि बिस्मिल्लाह पाहून लोकांनी कागद वाचले नव्हते.

स्वस्त खोलीची खरी किंमत

कर्ज न घेणाऱ्याला एक धोका जास्त असतो, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. कर्ज देताना बँक आपल्या वकिलाकडून कागद तपासते. रोख घेणाऱ्याचे कागद कुणी तपासत नाही. म्हणून अनधिकृत इमारतींचे बिल्डर रोखवाला गिऱ्हाईक शोधतात आणि आपली माणसे त्यांना आयती सापडतात. एक सोपी चाचणी सांगतो. कर्ज घ्यायचे नसले तरी दोन बँकांत जाऊन विचारा, “या इमारतीत तुम्ही कर्ज देता का?” नाही म्हणाले तर कारण विचारा आणि तिथून निघा.

४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ एक बेकायदा, अर्धवट बांधलेली इमारत कोसळली. चौऱ्याहत्तर माणसे गेली. वरचे मजले चढत असतानाच खाली लोक राहत होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडला पाच मजली इमारत पत्त्यांसारखी बसली, सोळा जण गेले. ती इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. तिथे राहणारे कोण होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून वकिलाचे दहा-पंधरा हजार वाचवू नका. जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहा. मागच्या सर्व खरेदीखतांची साखळी आणि इंडेक्स टू पाहा. जुनी खोली असेल तर सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र घ्या. नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी पाहा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘नोटरी करून देतो, पुढे रजिस्टर होईल’ असे म्हणणाऱ्याला सलाम करून उठा.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. त्या छपराखाली दुसऱ्याची मुले झोपणार आहेत. ज्या इमारतीत आपण आपल्या मुलांना ठेवणार नाही, तिथून भाडे कसे घ्यायचे?

किल्ली देताना

भाडेकरू ओळखीचा असो वा परका, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्रात ही जबाबदारी मालकावर आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवला नाही तर मालकाला शिक्षा होऊ शकते. शिवाय वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. नोंदवलेला करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जात नसेल, तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च फार नाही. सात हजार भाडे, चौदा हजार डिपॉझिट, अकरा महिने, असा करार असेल तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे ऑनलाइन होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कळवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे जादा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

भाडे खात्यात घ्या, रोख नको. त्यावर प्राप्तिकर पाहताना घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते. हिस्से ठरलेले असतील तर ज्याचा हिस्सा त्याच्या उत्पन्नात धरला जातो. हिस्सेदार अनिवासी असेल तर त्याचे भाडे एनआरओ खात्यात जायला हवे आणि त्याच्या हिश्शाचे भाडे देताना भाडेकरूला कर कापावा लागतो. हे करार करण्याआधीच कर सल्लागाराला विचारून घ्या, नंतर भाडेकरूशी तंटा नको.

जकातीबद्दल बरेच वाचक विचारतात. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. त्याचे भाडे शिलकीत राहिले आणि तुमच्या इतर बचतीसह निसाबाएवढे होऊन वर्ष फिरले, तर त्या शिलकीवर अडीच टक्के. विकून नफा कमवायच्या नियतीनेच घेतले असेल तर तो व्यापारी माल, त्याचा हिशेब वेगळा.

आणि एक कळकळीची विनंती. शहरात खोली शोधताना नाव सांगितल्याबरोबर समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणांनी घेतला आहे! ‘मालकाने दुसऱ्याला दिली’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. ज्याने हे सोसले त्याने मालक झाल्यावर तेच करू नये. तलाक झालेली बाई, नोकरी करणारी एकटी मुलगी, दुसऱ्या धर्माचे कुटुंब, बाहेरगावचा मजूर, यांना दारातून परत पाठवताना आपण स्वतः कधी त्या दारात उभे होतो ते आठवा. कागद पाहा, वागणूक पाहा. नाव पाहून ठरवू नका.

भाडे कुणाचे?

शेवटची गोष्ट मालकाच्या मागे घडणारी. घरातला कर्ता माणूस जातो, खोली भाड्याने चालू असते. भाडे गोळा करतो थोरला मुलगा. वर्षे जातात. बहिणी सासरी, आई घरात. खोलीची वाटणी ‘पुढे पाहू’ म्हणून थांबलेली असते आणि भाडे मात्र एकट्याच्या खिशात पडत राहते.

ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवसापासून त्या खोलीच्या प्रत्येक भाड्यात वारसांचा हिस्सा आहे. मुले असतील तर बायकोचा आठवा, आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. मयताचे आई-वडील हयात असतील तर त्यांचाही हिस्सा निघतो. नुसत्या घरात नाही, दर महिन्याच्या सात हजारांतही. बहिणीने मागितले नाही म्हणजे तिने सोडले असे होत नाही. बहुतेक बहिणी माहेर तुटेल या भीतीने मागत नाहीत. भाऊ मात्र ते राजीखुशी समजतो.

म्हणून खेडच्या भगिनींना आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक घराला आमचा मशवरा असा. वरच्या मजल्यावरच्या सुटकेसी आधी खाली उतरवा. एक जिना काढा, दोन खोल्या तयार करा, पहिला भाडेकरू ठेवा. डिपॉझिट पाकिटात घालून पाकिटावर त्याचे नाव लिहा. एक वही करा. पहिल्या पानावर कुणाचे किती पैसे लागले ते लिहा, त्यात तुमच्या दागिन्यांचाही आकडा लिहा. पाठीमागच्या पानावर दर महिन्याचे भाडे आणि खर्च. वर्षाने ती वही घरातल्या सगळ्यांसमोर, मुलीसमोरही, वाचून दाखवा.

पुढची खोली शहरात घ्यायची की नाही, ते ती वही सांगेल. इन्शाअल्लाह.